खालचा हात

मध्यंतरी देवाचा मला इतका राग आला होता की घरातल्या देवापुढे मी दिवा लावणंच सोडून दिलं होतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचून मला कुणी मोठी भक्तीण समजू नये.

माझी सानू सात वर्षांची. तिला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. चालते लंगडत, बोलते मात्र इतकी की ऐकणाऱ्यानं कानावर हात ठेवावेत. पण तिचा उजवा हात कोपरात दुमडलेला आणि मूठ मिटलेली. फिजिओथेरपीच्या मॅडमनी घरच्या सरावासाठी माझ्या मोबाईलवर एक अ‍ॅप घालून दिलं होतं. कॅमेऱ्यापुढे उजवा हात उचलला की पडद्यावरचा पक्षी उडायचा. सानू डाव्या हातानं उजव्याला खालून उचलून धरायची, आणि अ‍ॅप साखरेत घोळलेल्या आवाजात म्हणायचं, ‘फक्त उजवा हात वापरूया!’ अरे, तो एकटा उचलता आला असता तर तुला घरात घेतलं असतं कशाला? भवानी पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत मी शाळेचे गणवेश शिवते. मशीन चालवता चालवता मी त्या मोबाईलशी भांडायचे. तरी पोर हसत होती, पुन्हा पुन्हा हात उचलत होती, म्हणून माझंही चाललं होतं.

मग एका सोमवारी आम्ही घराजवळच्या महादेवाच्या देवळात गेलो. तीर्थासाठी सानूनं आपला चांगला हात पुढे केला, म्हणजे डावा. पुजाऱ्यांनी पळी मागे घेतली. "डाव्या हातात तीर्थ देत नसतो, बाळ. आईनं शिकवलं न्हाई का?" मागच्या रांगेतून कुणीतरी मागच्या जन्मीचं काहीबाही पुटपुटलं. माझ्या अंगाची लाही लाही झाली. सात वर्षांच्या पोरीनं मागच्या जन्मी कुणाचं काय घोडं मारलं होतं? आणि ज्यानं हा हात असा घडवला, तोच आता उजवा मागतो? सानूला घेऊन मी पायऱ्या उतरले.

घरी आल्यावर सानू म्हणाली, "आई, माझ्या सगळ्या फ्रॉकांना हिकडच्या बाजूला खिसा लाव की." मी लावले. त्या दिवसापासून तिचा उजवा हात खिशात गेला तो बाहेर येईना. पक्षी नको, व्यायाम नको. मॅडम कळवळून सांगत होत्या, वापरला नाही तर हात आणखी आखडत जाईल, ही वाढीची वर्षं पुन्हा यायची नाहीत. मला ते कळत होतं. पण खिशातला हात ओढून बाहेर काढायचा म्हणजे पुजाऱ्यानं केलं तेच मी करायचं. मी दिवा बंद केला तो तेव्हा.

एकदा थेरपीहून परतताना सानूनं सिद्धेश्वराच्या तळ्यातले मासे बघायचा हट्ट धरला. मी बजावलं, मासे बघायचे, देव नाही. माशांना चुरमुरे टाकून झाल्यावर ती आपली आपणच देवळाकडे निघाली. तिच्यामागे जाणं भाग होतं. रांगेत आमच्या पुढे इरकली लुगड्यातली एक म्हातारी होती, बोलण्यावरून अक्कलकोटकडची वाटली. तिची पाळी आली तेव्हा माझ्या लक्षात आलं, तिचाही उजवा हात लुळा होता. तिनं तो डाव्या हातानं उचलला, डावा तळवा खाली तसाच धरला, आणि तीर्थ घेतलं. सानू डोळे फाडून बघत होती. म्हातारी वळली, तिनं सानूचा खिसा पाहिला.

"बा यव्वा, ये गं पोरी," ती कानडी-मराठीत म्हणाली. "लाजतीस कशाला? तीर्थ घेताना डावा खालीच असतोय की. सगळ्यांचाच."

लहानपणापासून मी तीर्थ घेत आले. उजव्या हाताखाली डावा धरायचा, हे मला आईनं शिकवलं होतं. तरी हे मला कधी दिसलं नव्हतं. सानूनं खिशातला हात बाहेर काढला, डाव्यावर ठेवला आणि पुढे केला. तिथल्या पुजाऱ्यांनी पळी ओतली. मी डोळे पुसून बघते तोवर म्हातारी गर्दीत दिसेनाशी झाली होती. मी तळ्यापर्यंत शोधत गेले. ती कोण होती, त्याच वेळी तिथं का आली, याचा कीस मी पाडत नाही. ती आली, एवढं मला पुरे आहे.

मॅडमना हे सांगितलं तर त्या खुर्चीतून उठल्याच. दोन्ही हातांनी मिळून करायचा सरावही असतो, म्हणाल्या, आता तोच घेऊ. त्याच अ‍ॅपमधला दुसरा खेळ त्यांनी सुरू करून दिला: वरून आंबे पडतात, ते दोन हात जोडून झेलायचे. सानू त्याला ‘तीर्थाचा खेळ’ म्हणते. मूठ अजून पूर्ण उघडत नाही. उघडेल तेवढी उघडेल.

पुढे सानूनंच मला घराजवळच्या त्या देवळात ओढून नेलं. पुजाऱ्यांना काय काय सुनवायचं ते मी वाटेत घोकून ठेवलं होतं. तिनं डाव्यावर उजवा ठेवून हात पुढे केले. त्यांनी तीर्थ दिलं, पण मिटल्या बोटांवरून ते सगळं खाली ओघळलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात सानू म्हणाली, "सांडलं की. अजून द्या."

त्यांनी पळी पुन्हा भरली. या वेळी दुसऱ्या हातानं तिची बोटं हळूच सोडवली, आणि जपून ओतलं.

माणसांवरचा माझा राग गेलेला नाही, जाईल असंही वाटत नाही. पण आता दिवा लावते. इतके दिवस देवाकडे मागत होते की हिचा उजवा हात बरा कर, नाहीतर तुझं माझं काही नातं नाही. शरण जाणं म्हणजे हार मानणं, असंच मला वाटायचं. आता हात जोडले की एवढंच म्हणते, तुला द्यायचं ते तू वरून दे, मी खाली हात धरून उभी आहे. सांडलं तर पुन्हा मागेन.