रोजच्या चिंचेचं पाणी

भाभींची नजर आधी डागावर जायची, मग तोंडावर. कुणी ओटा चढून आलं, की "या, बसा" म्हणायच्या आतच त्या म्हणायच्या, "पदराला हळद लागली का गं?" नाहीतर, "सायकलच्या चेनचं वंगण दिसतंय पायजम्याला." माणूस कसं आहे, घरचे बरे आहेत का, हे सगळं मागाहून. नवख्याला राग यायचा. आम्हा शेजारपाजारच्यांना नाही. आम्हाला ठाऊक होतं, डाग दिसला की या बाईची बोटं शिवशिवतात, आणि तो निघेपर्यंत ती आपल्याला काही सोडत नाही.

आमच्या घोडेगावच्या पेठेत त्यांना सगळे चिंचभाभी म्हणायचे. मी महाळुंगे पडवळची, लग्न होऊन इथं आले तेव्हापासून आमची आणि त्यांची भिंत एक. पुढं त्यांचं लोखंडी सामानाचं दुकान, मागं घर. घराणं जैन, कुणीतरी आजेसासरे राजस्थानातून आलेले म्हणे, पण भाभी बोलायला लागल्या की आमच्यापेक्षा जास्त इथल्या वाटायच्या. गोऱ्यापान, ठेंगण्या, आणि बोटांची टोकं मात्र कायम तांबूस. त्या बोटांना चिंचेचा वास यायचा. लग्नात, हळदीकुंकवाला त्यांनी अत्तर लावलं तरी अत्तराच्या खालून चिंच यायचीच.

आता लोखंडाचं दुकान आणि आमच्याकडचा पाऊस, यांचं कधी जमलंय का? भीमाशंकराच्या डोंगरावरून धुकं उतरायचं, शिनोलीवरून रांगत रांगत आमच्या पेठेत यायचं आणि सरळ दुकानात शिरायचं, गिऱ्हाईक असल्यासारखं. तव्यांवर बसायचं, विळ्यांवर बसायचं. सकाळी बघावं तर नवाकोरा तवा केशर फासल्यासारखा. शेठ, म्हणजे भाभींचे यजमान, कपाळाला हात लावायचे. भाभी मात्र त्या तव्यावरून बोट फिरवून म्हणायच्या, "गंज म्हणजे लोखंडाला उगवलेला पाऊस. त्याच्यावर काय रागवायचं?"

मग त्या मोरीशी बसायच्या. मोरीच्या कट्ट्यावर एक मातीचं गाडगं असायचं. सकाळी उठल्यावर पहिलं काम, त्यात चिंच भिजत घालायची, वर मिठाची चिमूट. पितळेचे डबे, तांब्याचे हंडे, गंजलेले तवे, सगळ्यांना तेच. चिंचेचा कोळ आणि नारळाची शेंडी घेऊन गोल गोल हात फिरवायचा, मग राख, मग चुलीवर कोरडं करून तेलाचं बोट. कापडावर गंज लागला असेल तर नुसतं चिंचेचं निवळ पाणी लावून उन्हात टाकायचं. बाजारात चुक्याची भाजी आली, की चार पानं भाजीतनं बाजूला काढून ती डागावर चोळायची. मी त्यांच्याजवळ बसून बघत राहायची. पितळेचा डबा हळूहळू उजळत जायचा आणि त्यात भाभींचा चेहरा वर यायचा, पाण्यातून वर यावा तसा. पुष्कळदा तर मी माझं काम विसरून जायची.

नव्वदच्या सुमारास गावात ॲसिडच्या बाटल्या आल्या. ओतलं की फसफसून धूर, आणि फरशी लख्ख. शेठना वाटलं आपणही ठेवाव्यात. भाभी पदर खोचून दुकानात गेल्या. मी भिंतीपलीकडून ऐकत होते.

"गिऱ्हाईक मागतंय," शेठ म्हणाले.

"गिऱ्हाईक उद्या इंचू मागंल. ठेवणार का? मोरीतल्या मुंगीनं तुमचं काय घोडं मारलंय?"

"अगं, मुंग्यांचा काय संबंध?"

"पानी जातं कुठं? मुंगीच्या घरात, तिथनं नदीत, नदीतनं कुणाच्या तरी हंड्यात. जे जिभंवर ठेवता येत न्हाई, ते माझ्या मोरीत जायचं न्हाई."

हे त्यांचं नेहमीचं वाक्य. आणि त्या खरंच ठेवायच्या हो जिभेवर! कोळ घट्ट झाला का पातळ, हे बोटानं चाखूनच बघायच्या, डोळे बारीक करून. बाटल्या काही दुकानात आल्या नाहीत. आमच्या सासूबाईंनी दुसरीकडून आणली एक. मोरीची फरशी धुतली, फरशी पांढरी फटक झाली, कडेची रांगोळीची नक्षीसुद्धा गेली, आणि त्यांचा घसा दोन दिवस बसला. तरी भाभींना बघून टोमणा मारलाच त्यांनी, "तुमची चिंच कवा डाग खायाची, आन आमी कवा सैपाक करायचा?"

"डागाला लई घाई केली ना आत्या, की तो जाताना कापड घेऊन जातो," भाभी म्हणाल्या. आणि घरात जाऊन सासूबाईंच्या घशाला खडीसाखर घेऊन आल्या.

त्यांना एकच मुलगी, सुशी. सडपातळ, मोठ्या डोळ्यांची. आईच्या शेजारी मोरीशी बसून मलमलच्या फडक्यातून चिंचेचं पाणी गाळायची, आणि गाळता गाळता कुठं बघत बसायची कुणास ठाऊक. आमच्या गल्लीच्या टोकाला स्थानक आहे, एस.टी.चं नव्हे, जैन साध्वी येऊन उतरतात ते. एका वर्षी पावसाळ्याचे चार महिने तिथं साध्वी मुक्कामाला होत्या. सुशी रोज जायला लागली. दिवाळी झाली, साध्वी पायी पायी पुढच्या गावाला निघाल्या, आणि सुशी घरात म्हणाली, मला दीक्षा घ्यायची आहे.

लोकांनी भाभींचं केवढं कौतुक केलं! मिरवणूक काय, वाजंत्री काय. भाभी सगळ्यांना हात जोडत होत्या, हसत होत्या, आणि त्यात खोटं काही नव्हतं. पण दीक्षेच्या आदल्या दिवशी सुशीची ओढणी वाळत घालताना त्या मला म्हणाल्या, "साध्वी आपली वस्त्रं आपणच धुत्यात. आता माज्या हातचं धुतलेलं तिच्या अंगावर यायचं न्हाई गं कधी." ओढणीला कुठं काही लागलेलं नव्हतं. तरी त्या किती वेळ ती वर करून उजेडात बघत राहिल्या.

सुशीला नवं नाव मिळालं. भाभी त्यांना "महाराज" म्हणायला लागल्या. जन्म दिलेल्या मुलीला अहोजाहो. मला सुरुवातीला कसंसंच व्हायचं, मग सवय झाली.

वर्षं गेली. दोन हजार साल उलटून गेलं होतं, थंडीचे दिवस होते. जुन्नरकडून चालत साध्वी आल्या, त्यांत सुशी महाराज होत्या. बातमी कळली तशी भाभी ऊन उतरायच्या आत स्थानकात गेल्या. परत आल्या त्या आमच्याच ओट्यावर टेकल्या.

"कशा हायेत?" मी विचारलं.

"खांद्यावर गंजाची रेघ हाय," भाभी म्हणाल्या. मग जरा वेळानं, "बऱ्या हायेत. वाळल्यात."

स्थानकाच्या मागच्या अंगणात कपडे वाळत घालायला तार होती. ती भाभींच्याच दुकानातून दिलेली. आख्खा पावसाळा खाऊन ती गंजली होती, आणि तिच्यावर वस्त्र वाळत घातलं गेलं होतं. पांढऱ्यावर सरळ तांबडी रेघ. दुसऱ्या कुणाच्या ध्यानात आली नसती.

"मग द्या की चिंचेचं पाणी नेऊन," मी म्हणाले.

"नेऊन चालत न्हाई. त्यांच्यासाठी म्हनून काही करायचं न्हाई, काही न्यायचं न्हाई. त्या दारी येत्यात. घरात घरच्यासाठी जे हाय, त्यातलं थोडं घेत्यात. भाकरी तशी, पानीबी तसंच. साधं कच्चं पानी चालत न्हाई, चिंच-राख पडलेलं भांड्यांचं धोवण असलं तर ते चालतं."

"मग झालंच की भाभी! तुमचं गाडगं तर रोजच भरलेलं असतंय."

भाभी अशा हसल्या म्हणून सांगू, परकर-पोलक्यातली पोर हसावी तशा.

सकाळी मी मुद्दामच त्यांच्याकडं गेले, आदल्या दिवशीची वाटी परत करायच्या निमित्तानं. अंगणात धुकं होतं. त्या धुक्यातून दोन पांढऱ्या आकृती आल्या, एक वयस्क साध्वी आणि मागं सुशी महाराज. तोंडावर पट्टी, त्यामुळं डोळे तेवढे दिसत होते. ते मात्र तेच, कुठंतरी लांब बघणारे. भाभींनी वाकून वंदन केलं. त्यांनी अर्धी भाकरी घेतली, थोडी डाळ घेतली. मग सुशी महाराजांची नजर मोरीच्या कट्ट्यावर गेली. गाडगं तिथंच होतं, जिथं त्यांच्या लहानपणापासून असायचं.

"पाणी कशाचं आहे?"

"चिंचेचं. भांड्यांचं," भाभी म्हणाल्या.

सुशी महाराजांनी पात्र पुढं केलं, आणि जसं प्रत्येक दारात विचारतात तसं विचारलं, "आमच्यासाठी म्हणून काही केलेलं नाही ना?"

मी मनात म्हटलं, म्हणा भाभी, नाही म्हणा. भाभींचे ओठ हलले. गाडग्यात त्यांनी पाहिलं, मग खांद्यावरच्या त्या रेघेकडं.

"केलंय," त्या म्हणाल्या. "आज चिंच दुप्पट घातली. मलमलनं गाळली. रोज मी गाळत न्हाई."

पात्र मागं गेलं. रागानं नाही, अगदी हळू. "मग नको, बाई," सुशी महाराज म्हणाल्या. जाताना उंबऱ्याशी एवढंसं थांबल्यासारख्या झाल्या, का धुक्यात मलाच तसं वाटलं. मग दोन्ही आकृती धुक्यात विरघळल्या.

मी भांडलेच भाभींशी. "एवढं काय अडलं व्हतं? गाडगं रोजचंच, चिंच रोजचीच. रोजच्यासारखीच हाय म्हनायचं!"

भाभींनी बोट गाडग्यात बुडवलं, चाखलं, डोळे बारीक केले. "लई छान उतरलंय," त्या म्हणाल्या. "पन तू सांगतीस ते न्हाई ठेवता येत गं जिभंवर." मग भिंतीला टेकून बसल्या आणि स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "रोजच्यासारखं केलं असतं तर मिळालं असतं त्यांना. मीच जास्तीचं केलं."

दुपारी साध्वी पुढच्या गावाला निघून गेल्या. भाभींनी ते गाडगं उचललं, मला म्हणाल्या, "चल." स्थानकाच्या मागं जाऊन त्यांनी ती तार या खुंटीपासून त्या खुंटीपर्यंत चिंचेच्या पाण्यानं घासली. मी गाडगं धरून त्यांच्याबरोबर सरकत होते. शेंडीखालून तांबडं पाणी ठिबकत होतं, आणि तार मागं मागं उजळत चालली होती. घासून झाल्यावर पुसून तेलाचं फडकं फिरवलं.

"आता त्या कधी यायच्या," मी म्हणाले.

"त्या न्हाई तर दुसऱ्या येतील. कुनाच्या कापडाला लागू नये."

त्यानंतर दरवर्षी पावसाळा सरला की त्या तार घासायच्या. गुडघे गेले तेव्हा मी घासायची आणि त्या खाली बसून सांगायच्या, "तिथं राहिलं बघ, खुंटीजवळ." पुढं एका श्रावणात, झिमझिम चालू असताना, दुपारी झोपल्या त्या उठल्याच नाहीत. मी त्यांचे हात हातात घेतले तेव्हा चिंचेचा वास तसाच होता. त्यांचं गाडगं मी मागून घेतलं. आमच्या मोरीच्या कट्ट्यावर ठेवलं. आता तारेच्या जागी नायलॉनची दोरी आली, तिला काही गंज चढत नाही. पण सकाळी उठल्यावर चिंच भिजत घातल्याशिवाय माझा दिवस उजाडत नाही.

असाच एक थंडीचा दिवस. कुणी येणार आहे याची मला काही खबर नव्हती. मोरीशी बसून हंडा घासत होते, तर दारात सावली पडली. "घर माळकरी आहे ना?" कुणीतरी विचारत होतं, मांसमच्छीच्या घरातलं त्या घेत नाहीत म्हणून. वर बघितलं तर सुशी महाराज, मागं एक तरुण साध्वी. मी "व्हय" म्हणत हात धुऊन गडबडीनं उठले, भाकरी आणली. त्यांनी चतकोर घेतली. मग त्यांची नजर कट्ट्यावर गेली आणि तिथंच राहिली. गाडगं ओळखलं असणार.

"पाणी कशाचं आहे?"

"चिंचेचं, महाराज. भांड्यांचं."

"आमच्यासाठी म्हणून...?"

"न्हाई हो," मी म्हणाले. "तुमी येनार हे ठावंबी नव्हतं. रोजचंच हाय. भाभींनी लावलेली सवय हाय."

सुशी महाराजांनी पात्र पुढं केलं. मी गाडगं तिरकं केलं, आणि चिंचेचा वास आमच्या दोघींच्या मधे पसरला. पाणी संपेपर्यंत त्यांनी पात्र स्थिर धरलं. मग मान वर केली. आधी माझ्या पदरावरच्या हळदीच्या डागाकडं बघितलं, मग माझ्या तोंडाकडं.