पुठ्ठ्यावरची अक्षरं

बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर माझी पहिली नेमणूक राणीसावरगावजवळच्या एका खेड्यात झाली. पहिलीचा वर्ग, पोरं पन्नासच्या वर. सगळ्यांकडून एका सुरात बाराखडी म्हणवून घ्यायचा मला कंटाळा. म्हणून मी खोलीचे चार कोपरे वाटून दिले. एकात चित्रांची पुस्तकं, एकात पाट्या, एकात वाळूत बोटानं गिरवायचं, आणि चौथ्यात अक्षरं जुळवून शब्द करायचे. ती अक्षरं मी जुन्या लग्नपत्रिकांवर काढली होती. दोन-दोन पत्रिका कणकेच्या खळीनं चिकटवल्या की जाड पुठ्ठा व्हायचा. मी टाळी वाजवली की पोरांनी कोपरा बदलायचा.

मोठे गुरुजी दारात उभे राहून बघत. "बाई, ही शाळा हाय का बाजार?"

आठ दिवसांत अक्षरं कमी व्हायला लागली. आधी 'म' गेला, मग 'क', मग एकदम पाच. माझा पहिला संशय गुरुजींवर. माझं फसलं तर त्यांना बरंच वाटलं असतं. एकदा ते नसताना मी त्यांच्या टेबलाचा खण उघडला. त्यात खडू आणि तपकिरीची डबी. मग मी पोरांच्या हातांकडे बघायला लागले.

गावातल्या बौद्ध वस्तीतली, म्हणजे आमच्याच समाजातली एक मुलगी होती. आई मजुरीला जायची. "बाई, ही अक्षरं घरी न्यू का?" असं तिनं एकदा विचारलं होतं. मला तेवढं पुरलं. भर वर्गात मी तिचं दप्तर पालथं केलं. पाटी, फडक्यात बांधलेली अर्धी भाकर, मिरची. बस्स.

माझ्या लहानपणी शाळेत काही हरवलं की आधी आमच्या वस्तीतल्या पोरांची दप्तरं उघडत. हे मला वर्गात आठवलं नाही, घरी गेल्यावर आठवलं.

दुसऱ्या दिवसापासून ती येईना. चार दिवसांनी झाडताना कपाट सरकवलं, तर मागे उंदराचं बीळ आणि कुरतडलेल्या पत्रिकांचा भुगा. खळीच्या वासानं नेल्या होत्या.

मी तिच्या घरी गेले. आई चूल फुंकत होती, उठली नाही.

"चुकलं माझं," मी म्हणाले. "उंदरं नेत होती."

"उंदरं घावली म्हून आलात बाई. न्हाई घावली असती तर?"



गुरुजींना कळलं तेव्हा त्यांनी घरून झाकणाचा एक पत्र्याचा डबा आणून माझ्या टेबलावर ठेवला.

सोमवारी मुलगी आली. जागेवर बसायच्या आधी माझ्यासमोर उभी राहिली आणि दप्तर उघडून धरलं. "नको गं," मी म्हणाले.

"बघून घ्या बाई."

दिवाळीच्या सुट्टीपर्यंत ती रोज तसंच करायची.