पट्ट्यावर चढण्याआधीचं रक्त

आमच्या तपासणी खोलीत चालायचा पट्टा मी सांभाळतो आणि रक्त काढते सुईताई. आधी निवांत पडलेल्या माणसाचं रक्त, मग दम लागेपर्यंत चालवून पुन्हा रक्त. हृदयावर ताण आला की रक्तातलं एक प्रथिन किती वाढतं, ते डॉक्टर ताडून बघतात. पहिल्या रक्ताआधी अर्धा तास न हलता पडायचं, हा सुईताईचा कायदा. कुणी पाय जरी हलवला तरी घड्याळ पुन्हा पहिल्यापासून. मी तिला तोंडावर खडूस म्हणतो.

तिच्या आईच्या हृदयाचं दुखणं नुसतं झोपवून केलेल्या तपासणीत सापडलंच नाही. छातीला तारा लावून आलेख काढला, त्यात काहीच दोष दिसला नाही. तीन आठवड्यांनी आई जिना चढताना गेली. सुईताईचा धाकटा भाऊ सुतार. तो सगळ्यांदेखत म्हणाला, "जगाचं रक्त काढतेस, आईचं काढायला वेळ नव्हता तुला?" तेव्हापासून नऊ वर्षं अबोला. त्याच्या वाढदिवसाला ती डबा बाजूला सारून त्याचा नंबर लावते आणि वाजायच्या आत बंद करते. त्याची फार आठवण येते, असं सरळ सांगते.

परवा तपासणीच्या यादीत त्याचं नाव आलं. केसांत भुसा घेऊन तो दारात उभा राहिला आणि तिला बघून चपापला. मग मुकाट्याने आडवा झाला, छताकडे डोळे लावून. ती स्टूल ओढून शेजारी बसली. अर्धा तास कुणी चकार शब्द काढला नाही. माझाच जीव टांगणीला. रक्त काढून, चालून झालं की हा शर्ट चढवून निघून जाणार होता.

वेळ भरली. ती म्हणाली, "हललास. पुन्हा अर्धा तास."

पठ्ठ्या ओंडक्यासारखा पडून होता, मी बघत होतो. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच धडधडीत खोटं बोलली.

"मी हललो नाही."

"हललास."

"बरं."

बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, "आईला असं चालवलं असतं, तर सापडलं असतं?"

"माहीत नाही रे. रोज विचारते मी स्वतःला."

त्याचे डोळे भरून आले. ते पुसायला तिने हात पुढे केला आणि मागे घेतला. दुसरा अर्धा तासही भरला. बाहेर तीन जण ताटकळले होते, डॉक्टर दोनदा डोकावून गेले. तिने नाइलाजाने त्याच्या दंडाला रबरी नळी बांधायला घेतली.

तेव्हा त्याने पाय चांगला वर उचलला, गुडघ्यात दुमडला आणि खाली ठेवला.

"ताई," तो म्हणाला, "आता हललो."