कसाऱ्याच्या टेलरची मशीन

माझं शुद्धलेखन कच्चं आहे. आठवीत शाळा सोडली, त्यामुळे शब्दही साधेच येतील, तेवढं सांभाळून घ्या. फजिती मात्र पक्की आहे. कशी, ते ऐका.

मी मुरबाडला एका टेलरकडे काज-बटणं करतो. स्वतःची मशीन झाली की वैशाखऱ्यात घरीच काम सुरू करायचं, एवढंच मनात होतं. एक दिवस मोबाइलवर लिलाव दिसला. कसाऱ्याचे एक टेलर वारले होते, त्यांची शिलाई मशीन. फोटोत मशीनवर अर्धा शिवलेला सदरा तसाच होता आणि खुर्ची जरा मागे सरकलेली. जणू ते पाणी प्यायला उठलेत.

लिलाव भर दुपारी बाराला संपणार होता. बोली शेवटच्या दहा सेकंदांत लावावी, असं मी ऐकलेलं. पण आमच्या घरी रेंज कुठे? म्हणून शेणव्याच्या ताईला तिच्या फोनवर तिच्या नावाचं वेगळं खातं उघडून दिलं.

"ताई, दहा सेकंद राहिले की लाव. कोणी पुढे गेलं की शंभर वाढव, थांबू नको."

"बरं रे दिन्या, माझ्यावर सोड."

सोडलं असतं, तर हे लिहावं लागलं असतं का?

साडेअकराला मला घरात बसवेना. गावात रेंज फक्त टेकडीवर, स्मशानाच्या शेडखाली येते. वर गेलो. धुक्यात शेडचे लोखंडी खांब तेवढे दिसत होते. लिलावाचं पान उघडलं, तर 'बोलीदार ४' आधीच पुढे. ही ताई नव्हे, ताई तर शेवटी येणार.

दहा सेकंद उरले, तरी ताई नाही. तिला फोन करावा तर पान बंद पडेल. मग मीच माझ्या खात्यावरून शंभर वाढवले. बोट उचलायच्या आत चार नंबरने वाढवले. आणि वेळ दोन मिनिटांनी लांबली. शेवटच्या क्षणी बोली आली की वेळ वाढते, हे खाली बारीक अक्षरांत होतं म्हणे.

मी टाकतो, तो टाकतो. मधे श्वासाएवढं अंतर नाही. जिवंत माणूस जरा विचार करतो, बायकोला विचारतो. हा काहीच नाही. मागे धुक्यात पत्रा करकरला. मला ती सरकलेली खुर्ची आठवली. बारा वाजून गेलेले, स्मशानात मी एकटा, आणि मेलेल्या माणसाची मशीन मागतोय. तो सोडेल का?

मी हात जोडले. "बाबा, रोज तेल घालीन. तुमची मशीन जपीन. आता सोडा."

शंभर टाकले. चार नंबर गप्प. दोन मिनिटं गेली. मशीन माझी झाली. साठवलेलं सगळं गेलं, मोटर बसवायला ठेवलेलंसुद्धा.

मागे न बघता निघालो, तोच फोन वाजला.

"दिन्या, मशीन गेली रे. माझी बॅटरीच संपली, आत्ता चार्जिंगला लावला."

"तू शेवटी लावणार होतीस ना?"

"तवर कोण थांबतो? सकाळीच लावली. मंग बारा वाजता कोणतरी मागेच लागला. मी टाकलं का टाकतो. माणूस नव्हता रे तो, मला तर घाम फुटला."

"ताई, तुझा नंबर काय होता?"

"चार. का रे?"

मी तिथेच दगडावर बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कसाऱ्याला मशीन आणायला गेलो. टेलरच्या बायकोने चहा दिला. म्हणाली, "एवढी किंमत येल असं आमाला वाटलं नवतं. तुज्यासमोर दुसरा कोण होता, कळलं का?"

"दुसरा नव्हताच, काकू," मी म्हणालो. "दोन्हीकडून मीच होतो."