तुळिंजच्या क्लासातले जुळे शब्द

शिकवण्याच्या धंद्यात चुका रोज पुसल्या जातात; किस्से मात्र साचत जातात, कुणी पुसत नाही.

तुळिंजला एका बेकरीच्या वर मी जर्मन शिकवते. येणाऱ्या मुली बहुतेक नर्स. परीक्षा पास झाल्या की जर्मनीतल्या हॉस्पिटलात नोकरी. त्यांना सगळ्यात जास्त रडवतात ते जुळे शब्द. उच्चार एकच, स्पेलिंग वेगळं, अर्थही वेगळा. आणि परीक्षेत ते ऐकून लिहायचे!

*

'मेअर' म्हणजे समुद्र आणि 'मेअर' म्हणजे जास्त. मी म्हटलं, दोन्ही घालून वाक्य करा, म्हणजे लक्षात राहील. अर्नाळ्याच्या कोळ्यांची प्राची जर्मनमध्ये पटकन म्हणाली, "समुद्रात आता जास्त काही नाही."

वाक्य अचूक! पण कुणी हसलं नाही. तिचे वडील होडी विकून सोसायटीत वॉचमन झालेत.

*

सांडोरची सिल्विया बोलण्यात सगळ्यांच्या पुढे. लिहिताना जुळे शब्द आले की आडवी. दोनदा नापास झाली. तिकडचं हॉस्पिटल आता आणखी थांबणार नव्हतं.

"टीचर, पेशंटला सुई टोचताना स्पेलिंग कोण विचारतं?"

"पेशंट नाही विचारत. व्हिसा देणारे विचारतात!"

*

एकदा सिल्वियाची आई केळ्यांचा घड घेऊन जिना चढून आली. मला वाटलं, आभार मानायला आली असेल.

"बाय, पोरीला पास नको करू. मोठ्या दोघी तिकडंच गेल्या. ही पन गेली तर वाडीत पानी कोन लावील?"

तेवढ्यात जिन्यात सिल्वियाची चाहूल लागली. लगेच आईचा आवाज चढला, "टीचर, अभ्यास नाय केला तर फटके द्या हिला!"

*

शेजारच्या काकू विचारतात, "इतक्या मुली पाठवल्यात, तुम्ही कशा नाही गेलात कधी जर्मनीला?"

"हे म्हणायचे, रिटायर झालो की जाऊ."

काकू मग विषय बदलतात. रिटायर व्हायच्या आधीच हे गेले, ते त्यांना ठाऊक आहे.

*

हे गेल्यावर काही दिवसांनी क्लास पुन्हा उघडला. भिंतीवरच्या तक्त्यातली एक जोडी मुलींनी कागद चिकटवून झाकली होती. 'टोट' आणि 'टोट'. एक म्हणजे मृत्यू, दुसरा म्हणजे मृत. मला त्रास नको म्हणून!

मी कागद ओढून काढला. म्हटलं, "परीक्षेत सुतक पाळत नाहीत."

"सॉरी टीचर," एक जण पुटपुटली.

"जर्मनमध्ये म्हण," मी म्हटलं.

*

यांचं वर्षश्राद्ध आलं. सिल्वियाची तिसरी परीक्षा परवावर होती. केळीची पानं तिच्याच वाडीतून मागवली होती. तिच्या आईनेच कापून, जुडी बांधून पाठवली.

गुरुजींनी यांच्या नावाचं पान मांडलं आणि थबकले. पानभर काट्याने ओरखडलेले, काळे पडलेले जर्मन शब्द. जोडीजोडीने. अक्षर सिल्वियाचं.

"वहिनी, हे पान कुणीतरी खराब केलंय. बदलू ना?"

मी पाटाशी बसून वरपासून खालपर्यंत वाचलं.

"नको. एकच चूक आहे."

नखाने ती दुरुस्त केली आणि म्हटलं, "वाढा."