वाट मोकळी ठेवा

ब्रूकहाफनला कालव्याकाठी राहणाऱ्या मिनाबाई दे फेइतर यांच्या दाराची घंटा दिवसातून एकदाच वाजायची, आणि तीही वाजावी म्हणून बाईंना आधी भांडावं लागायचं.

भांडण गाड्यांवरून असायचं. घरासमोर 'पेलिकान' नावाचं कॉफीशॉप होतं. आमच्याकडे, डच मुलखात, कॉफीशॉप म्हणजे गांजाचं दुकान. कॉफी प्यायची तर माणूस दुसरीकडे जातो. सरकार या दुकानांकडे कानाडोळा करतं. पुढच्या दाराने गिऱ्हाइकाला चिमूटभर विकलं तर कुणी हटकत नाही, पण तो माल मागच्या दाराने दुकानात आला कुठून, असं विचारलं की मंत्र्यापासून शिपायापर्यंत सगळे आढ्याकडे बघतात. हद्दीपलीकडे बेल्जियममध्ये एवढीही मुभा नाही. त्यामुळे संध्याकाळ झाली की तिकडच्या गाड्यांची कालव्याकाठी रीघ लागायची, आणि त्यातली एखादी हमखास मिनाबाईंच्या गॅरेजसमोर उभी राहायची. गॅरेजच्या हिरव्या दारावर बाईंच्या नवऱ्याने, मरीनुसने, पांढऱ्या रंगात ठसठशीत लिहून ठेवलं होतं: वाट मोकळी ठेवा.

मग मिनाबाई अंगात कोट चढवायच्या, रस्ता ओलांडायच्या आणि पेलिकानच्या दारावर उभ्या असलेल्या फर्नांडला फैलावर घ्यायच्या.

"माझंच दार सापडतं का रे तुमच्या गिऱ्हाइकांना? तुम्हा बेल्जियनांना वाचता येत नाही की काय?"

"येतं, शेजारीणबाई. पण जरा सावकाश येतं."

फर्नांड गेंटकडचा, पन्नाशी उलटलेला, दाराइतकाच रुंद. आत जाणाऱ्याचं वय तपासायचं आणि बाहेर येणाऱ्याला गल्लीत गोंगाट करू द्यायचा नाही, हे त्याचं काम. तो गाडीवाल्याला हुडकून काढायचा, गाडी हलवायला लावायचा आणि मग बाईंची घंटा वाजवून सांगायचा, "झाली तुमची वाट मोकळी." बाई म्हणायच्या, आलाच आहेस तर कॉफी घे. कॉफी उंबऱ्यावरच, उभ्याउभ्या. सोबत एक बिस्किट, आणि लगेच डब्याचं झाकण बंद. यात चिक्कूपणा नव्हता, ती आमच्या लोकांची रीतच आहे. फर्नांडला मात्र त्याची गंमत वाटायची. "आमच्याकडे पाहुण्यापुढे डबा ठेवतात, तुमच्याकडे नुसता दाखवतात," असं तो म्हणायचा आणि बाई खोटंखोटं रागवायच्या.

कप रिकामा होईपर्यंत त्याच्या गुडघ्याच्या, अँटवर्पला राहून बापाशी न बोलणाऱ्या त्याच्या मुलीच्या, बाईंच्या परसातल्या कांदापातीच्या गोष्टी व्हायच्या. त्यानंतर दुसऱ्या संध्याकाळपर्यंत मिनाबाईंशी कुणी बोलायचं नाही.

आता खरी गोष्ट अशी, की त्या गॅरेजमध्ये गाडी नव्हती.

मिनाबाईंचा जन्म कालव्यापलीकडच्या शेतघरातला. घरात देवधर्म कडक. रविवारी सायकलसुद्धा चालवायची नाही. चर्चमध्ये लांबलचक प्रवचन चालू असताना जिभेखाली पेपरमिंटची गोळी धरायची, एवढीच काय ती चैन. पुढे मरीनुसशी लग्न झालं. तो कालव्याच्या झडपांवर कामाला होता. जहाज आलं की दार उघडायचं, गेलं की लावायचं. माणूस अबोल, पण शनिवारी निळी डाफ गाडी बाहेर काढून बायकोला समुद्राच्या बंधाऱ्यापर्यंत फिरवून आणायचा. एका सकाळी तो परसातल्या वाफ्यात वाकला तो उठलाच नाही. मुलगा हाउब कॅनडाहून आला, गाडी विकून टाकली आणि परत गेला. आईला गाडी चालवता येत नव्हती, त्यात वावगं काही नव्हतं. बाईंनी ही गोष्ट कुणाला सांगितली नाही, कारण कुणी विचारलं नाही. गल्लीतले जुने लोक एक तर देवाघरी गेले होते, नाहीतर मुलांजवळ.

त्यानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात गॅरेजसमोर परकी गाडी लागली. बाई तणतणत बाहेर गेल्या. मरीनुस असता तर त्याने हेच केलं असतं, असं त्यांना वाटलं. गाडी हलली, घंटा वाजली, दारात माणूस उभा राहिला. खोट्याची चटक लागते म्हणतात. मिनाबाईंना खोट्याची नाही, घंटेची चटक लागली.

फर्नांडला हे ठाऊक होतं. एकदा वादळात गॅरेजचं दार उघडून आपटायला लागलं तेव्हा तोच धावत आला होता. आत बटाट्यांची पोती होती, मरीनुसचे रबरी बूट होते आणि जमिनीवर तेलाचा जुना, वाळून गेलेला डाग होता. त्याने दार दोरीने बांधलं आणि घंटा वाजवून तसं सांगितलं.

"आत पाहिलंस का?" बाईंनी विचारलं.

"अंधार होता, शेजारीणबाई," तो म्हणाला.

दुसऱ्या संध्याकाळी तो नेहमीसारखाच आला आणि वाट मोकळी झाल्याचं सांगून कॉफी पिऊन गेला. या माणसाचं मन केवढं होतं, ते इथेच कळायला हवं होतं. पण आपल्या दारापर्यंत चालत आलेल्या गोष्टीची किंमत कुणाला असते!

युरो येऊन काही वर्षं झाली होती, तेव्हा गावात गांजावरून रान उठलं. औषधांच्या दुकानाचा मालक म्हणाला, कानाडोळा पुरे, सरळ कायदेशीर करा. सरकारने शेती करावी, कर घ्यावा, मागच्या दाराचे गुंड उपाशी मरतील. पाद्री म्हणाले, आज हे कायदेशीर, मग उद्या काय? डॉक्टर म्हणाले, माझ्या दोन म्हाताऱ्यांना यानेच झोप लागते आणि एका पोराचं डोकं यानेच फिरलं. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, म्हणून डॉक्टर कुणालाच आवडले नाहीत. शिंपलेवाला बाजारात गांजाच्या नावाने बोटं मोडायचा आणि त्याच गांजासाठी आलेल्या बेल्जियनांना शिंपले विकायचा. शेवटी नगरपरिषदेपुढे ठराव आला, की पेलिकान गावातून उचलावं आणि हमरस्त्यावर, ट्रक थांबतात तिथे न्यावं. सभासद निम्मे इकडे, निम्मे तिकडे.

आणि एका दुपारी मिनाबाईंची घंटा वाजली. फर्नांड अवेळी कसा, म्हणून बाई बिस्किटांचा डबा घेऊनच दारात गेल्या. बाहेर रहिवासी समितीच्या अध्यक्षा व्हरहागेबाई होत्या. त्या नव्या वस्तीत राहत, गावात येऊन त्यांना फार दिवस झाले नव्हते. त्या थेट आत आल्या, मरीनुसच्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "तत्त्वाची भाषणं ऐकून सभासद पेंगतात हो. मला तुमचं गॅरेज हवंय. एकटी बाई, स्वतःच्या घरातून स्वतःची गाडी काढायची चोरी. तुम्ही बोललात तर काम होईल."

मिनाबाईंनी नाही म्हणायला हवं होतं. पण त्या खुर्चीत कितीतरी दिवसांनी माणूस बसलं होतं. व्हरहागेबाई परत आल्या, मग आणखी एकदा आल्या, येताना दालचिनीचे चिकट गोड पाव घेऊन आल्या. माईकपुढे काय बोलायचं ते दोघींनी मिळून ठरवलं. बाईंना मैत्रीण मिळाल्यासारखं झालं, आणि मैत्रिणीला आता कसं सांगायचं, की गॅरेजमध्ये बटाटे आहेत? गांजाबद्दल त्यांना राग होताच, तो आईच्या दुधाबरोबर आलेला होता. त्या रागाच्या आडोशाला बाकीचं सगळं लपलं.

सभेला जागा अपुरी पडली. भिंतीकडेला पेलिकानचा मालक आणि शेजारी फर्नांड बसला होता, गळ्यात टाय घालून. मिनाबाईंनी त्याच्याकडे पाहायचं टाळलं. त्या ठरल्याप्रमाणे बोलल्या, आणि चांगलं बोलल्या. कायदेशीर करा म्हणणाऱ्यांतला एक तरुण मास्तर मग उठला. बाईंना रोज संध्याकाळी गाडी काढायची असते का, आणि गाडी आहे तरी कोणती, असं त्याने सहजपणे विचारलं.

"निळी डाफ," त्या म्हणाल्या.

सभागृहात कुणीतरी हसलं, कारण डाफ गाड्या रस्त्यावरून जाऊन जमाना झाला होता. मास्तराला काहीतरी हाताला लागल्यासारखं वाटलं. त्याने फर्नांडकडे वळून विचारलं, तुम्ही दारावर असता, तुम्हाला ठाऊक असेल. ही गाडी कधी बाहेर निघताना पाहिलीत?

फर्नांड उठला. एक शब्द, 'नाही', एवढंच बोलायचं होतं. त्यात त्याची रोजची जागा वाचली असती आणि मिनाबाई सगळ्या गावादेखत उघड्या पडल्या असत्या. बाईंनी पहिल्यांदाच त्याच्याकडे पाहिलं.

"निघणार कशी?" फर्नांड म्हणाला. "रोज आमची गिऱ्हाइकं वाट अडवतात. बाईंचं बरोबर आहे. चूक आमची."

मालकाने कपाळाला हात लावला. थोडक्या मतांनी ठराव पास झाला. व्हरहागेबाईंनी मिनाबाईंना मिठी मारली आणि फोटोसाठी दुसरीकडे गेल्या. बाहेर सायकलींपाशी बाईंनी फर्नांडला गाठलं.

"असं का बोललास रे?"

"मग चारचौघांत तुम्हाला खोटं पाडायचं? तेवढ्यासाठी कॉफी पाजलीत होय इतकी वर्षं?" त्याने टाय सैल केला. "जाऊ द्या. तिकडेही दार असेलच."

पेलिकानच्या शेवटच्या संध्याकाळी गॅरेजसमोर गाडी नव्हती, तरी घंटा वाजली. बाईंनी त्याला आत बोलावलं, पण त्याला दुकानातलं सामान आवरायचं होतं. कॉफी उंबऱ्यावरच झाली. बाईंनी डबा पुढे केला आणि झाकण उघडंच ठेवलं. फर्नांडने सवयीने एकच बिस्किट घेतलं. बाईंना म्हणायचं होतं, आणखी घे. ते तोंडातून निघेना. त्या म्हणाल्या, गुडघ्याला जप.

त्यानंतर गल्ली शांत झाली. एवढी शांत, की कालव्यातल्या बदकांची भांडणं घरात ऐकू यायची. व्हरहागेबाई आता बसथांब्याच्या प्रश्नामागे लागल्या होत्या आणि बसथांबा दुसऱ्या टोकाला होता. रविवारी हाउबने फोनवर आईचं अभिनंदन केलं. बाई ठीक आहे म्हणाल्या. त्या ठीक नव्हत्या. जेवताना त्यांचा काटा ताटावर वाजायचा आणि त्या आवाजानेही त्या दचकायच्या.

एकदा त्या सायकल काढून हमरस्त्यापर्यंत गेल्याही. तिथे कुंपण होतं, रांगेत ट्रक होते, भरपूर मोकळी जागा होती. फर्नांड काचेच्या खोलीत बसला होता, पाठ इकडे करून. बाई थोडा वेळ उभ्या राहिल्या. काय निमित्त सांगून पुढे जायचं, ते त्यांना सुचेना. तिथे त्यांची कुठलीच वाट कुणी अडवलेली नव्हती. त्या आल्या तशा परतल्या.

मग शरद ऋतूतल्या एका संध्याकाळी गॅरेजसमोर गाडी थांबल्याचा आवाज आला. रस्ता दिसावा म्हणून खिडकीबाहेर लावलेल्या छोट्या आरशात मिनाबाईंनी पाहिलं. गाडीच्या नंबराची पाटी बेल्जियमची होती. त्यांनी घाईघाईने कोट चढवला, एक बटण चुकलं, तशाच बाहेर गेल्या. गाडीत एक म्हातारा होता, बोटं सांध्यांत वाकडी झालेली. समोरच्या बंद दुकानाकडे तो गोंधळून बघत होता.

बाईंना पाहताच तो ओशाळला. "माफ करा हं. दारावर लिहिलेलं आत्ता पाहिलं. लगेच काढतो गाडी."

"नको," मिनाबाई म्हणाल्या. "राहू दे. आत गाडी नाहीये. कधीची नाहीये."

म्हाताऱ्याला यात सांगण्यासारखं काय आहे ते कळलं नाही. त्याने पेलिकानचं विचारलं. बाईंनी हमरस्त्याची दिशा सांगितली, सांगता येईल तेवढी सावकाश, प्रत्येक वळण दोनदा. मग म्हणाल्या, कॉफी तयार आहे. तो म्हणाला, आभारी आहे, पण अंधार पडायच्या आत पोहोचलेलं बरं, डोळ्यांना नीट दिसत नाही हल्ली. त्याने गाडी मागे घेतली, वळवली आणि हात हलवून निघून गेला.

मिनाबाई गॅरेजच्या दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळा होता.