शेपटीला आधार

आमच्या उपेंद्रकाकाचा साचलेल्या पाण्यावर जन्माचा राग. सगळी हयात सरकारी नोकरीत पाणी शुद्ध करण्यात गेली. निवृत्त झाल्यावर मल्लेश्वरमच्या घरात त्याने खाऱ्या पाण्याची भलीमोठी काचेची टाकी मांडली. तळाला कण नाही, कोपऱ्यात शेवाळ नाही, पंप सतत घोंघावत. यात मासे कमी आणि इंजिनिअरिंगच जास्त, असं मी म्हटलं की तो चिडायचा. चिडणं हा त्याचा जोडधंदाच होता.

त्या रविवारी मी शहराच्या दुसऱ्या टोकाहून, एचएसआरहून जेवायला आले होते. पानं वाढतोय तोच काकाच्या ओळखीचा, वनखात्यातला कार्तिक पाण्याची पिशवी सांभाळत आला. रेल्वेत कुणाच्या तरी सामानात चोरून नेलेले समुद्रघोडे सापडले होते. बाकीचे मेले, बोटाएवढा एकच उरला होता, पोट टम्म फुगलेला. तो नर होता. यांच्यात पिल्लं बाप पोटाच्या पिशवीत वाढवतो, हे मला तेव्हा कळलं. संध्याकाळी खात्याची गाडी त्याला परत खाडीत सोडायला कारवारकडे निघणार होती, तोवर त्याला जगवायचं होतं.

काकाने पिशवीत टाकीचं पाणी थोडं थोडं मिसळलं आणि मग त्याला आत सोडलं. लगेच त्याचे हाल सुरू झाले. पंपाच्या झोताने तो भिरभिरत काचेवर आपटायचा, सावरायचा, पुन्हा आपटायचा. शेपटीचं टोक उघडत-मिटत होतं. पाणी कमी शुद्ध पडत असेल म्हणून काकाने पंप आणखी वाढवला. मला रडू यायला लागलं, आणि काकाचा संतापही.

कार्तिकने घाबरून विचारलं, हे समुद्रात राहतात तरी कुठे? काका वेंगुर्ल्याचा, लहानपणी त्याने खाडीत हे पाहिलेले. तो नेहमीच्या मास्तरकीच्या सुरात सांगायला लागला. उथळ, संथ पाण्यात. पाणगवतात, कांदळवनाच्या मुळांत. यांना धड पोहता येत नाही, म्हणून शेपटीने गवताची काडी धरून...

तो मध्येच थांबला. आपल्या चकचकीत टाकीकडे बघत राहिला आणि मग पंप बंद करायला धावला.

पाणी शांत झालं, पण तो जीव आता तळाला आडवा पडला होता. काकाने हात आत घातला आणि करंगळी त्याच्याजवळ नेली. शेपटी हलली, करंगळीला एक वेढा पडला, मग दुसरा.

"तुम्ही स्वल्प हलू नका," वीणाकाकू तिच्या कानडी वळणाच्या मराठीत म्हणाली. काकू चिकपेटच्या जुन्या कापडवाल्यांच्या घरातली, दोऱ्यांची तिला पारख. रंगीत दोऱ्यांचा रंग सुटेल म्हणून तिने कपडे वाळत घालायची पांढरी नायलॉनची दोरी कापली, उकळली, पीळ सोडवून दगडाला बांधली आणि टाकीत सोडली. समुद्रघोड्याने दोरीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ओढून काढायला काका तयार नव्हता. त्या भरलेल्या पोटाला हिसका बसला तर पिल्लंही गेली असती.

काकाचा उजवा हात पाण्यात, म्हणून काकूने त्याला सगळ्यांसमोर घास भरवले. तो मुकाट्याने जेवला. गाडी आली तेव्हा वेढा तसाच होता. टाकीतलं पाणी झाकणाच्या बादलीत भरलं, समुद्रघोड्यासकट हात अलगद तिच्यात आणला. आता पुढे काय, कार्तिक विचारत होता.

"सरी, बरं, मग तुम्हीही जा," काकू म्हणाली, आणि तिने काकाच्या खिशात रक्तदाबाच्या गोळ्या घातल्या.

रात्र आम्ही जागूनच काढली. खड्ड्यात गाडी आदळली तर, पाणी तापलं तर, असं काहीबाही मनात येत होतं. उजाडल्यावर फोन वाजला. गुडघाभर पाण्यात उभा राहून काकाने हात खाडीतल्या गवतात धरला होता, आणि बराच वेळ काही झालं नव्हतं.

"वीणा," तो म्हणाला, "त्यानं सोडलं मला. गवत धरलं."

आणि आमचा चिडका काका फोनवर हुंदके देऊन रडायला लागला.